उओझुमींच्या काचेतलं वाकडं चित्र

ओसाकात निप्पोनबाशीच्या मुख्य रस्त्यावर दुकानांचा नुसता झगमगाट असतो. मागच्या गल्लीत शिरलं की तो एकदम संपतो, आणि तिथेच इसोगाई मोरिओचं दुकान आहे. पूर्वी त्या जागेत चहापत्ती विकायचे. दमट दिवसांत भिंतींना अजून भाजक्या चहाचा वास सुटतो. आता त्या भिंतींना लागून थेट छतापर्यंत काचेच्या ट्यूबचे जुने मॉनिटर रचलेले आहेत. ते बंद असले की प्रत्येक काचेत गल्ली उलटी दिसते आणि त्या गल्लीत कुठेतरी एक लहानसा, पोक काढलेला इसोगाई दिसतो. जिकडे बघावं तिकडे तोच. एखाद्या माणसाला अशा दुकानात दिवसभर एकटं बसवलं तर त्याला भास होणारच. इसोगाईला होत, आणि त्याला त्याचं काही विशेष वाटत नसे.

माणूस हाडाचा मेकॅनिक. तरुणपणी गेम सेंटरांतून स्क्रूड्रायव्हर खिशात घालून फिरायचा. हरलेली पोरं मशीनला लाथा घालायची, चित्र थरथरायचं, मग इसोगाईला हाक जायची. पुढे ती गेम सेंटरं एकेक करून मिटली. कुठे औषधांचं दुकान आलं, कुठे नुसतंच शटर. त्याला वाटलं, आपलंही शटर आता पडलं. पण जगाची तऱ्हाच न्यारी. ज्या काचा लोकांनी उकिरड्यावर टाकल्या, त्यांच्यासाठी आता लांबलांबून माणसं येऊ लागली. जुना गेम जुन्या काचेवरच खेळायचा, चपट्या टीव्हीवर बोट आधी दाबलं जातं आणि गोळी मागाहून सुटते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. ही मंडळी दुकानात येऊन काचेवरून असा हात फिरवतात, की बाजारात म्हैस पारखणाऱ्यानंसुद्धा शिकून घ्यावं.

आता हा माल येतो कुठून? मेलेल्यांच्या घरांतून. जिवंत माणूस आपला मॉनिटर सहसा सोडत नाही. इसोगाईला हे ठाऊक होतं, म्हणून कुठल्याही मॉनिटरची पाठ उघडण्याआधी तो मान लववून हळूच म्हणे, "येऊ का आत?" एखाद्याच्या घराच्या उंबऱ्यावरून विचारावं तसं. त्याची बायको कात्सुयो त्यावरून त्याला फार छळायची. "गिऱ्हाइकांशी एवढं गोड बोलला असतास ना, तर आज आपला बंगला असता," म्हणायची. कात्सुयो जाऊन बरीच वर्षं झाली. तरी तिचे टोमणे त्याच्या कानात चालूच होते. उलट मेल्यापासून ती जास्तच बोलायला लागली होती.

जूनमध्ये त्याला इझुमिसानोहून उओझुमी हिसाए नावाच्या बाईचा फोन आला. नवरा वारला, मॉनिटर घेऊन जा. इझुमिसानो म्हणजे टॉवेलच्या गिरण्यांचं गाव. हिसाएचा नवरा तेइजी आयुष्यभर तिथल्या गिरणीत मागांची दुरुस्ती करत होता आणि ती अजूनही घरी बसून टॉवेलच्या कडा शिवत होती. छोटी खोली. ज्या कोनाड्यात घरोघरी चित्राची गुंडाळी आणि फुलं असतात, तिथे उओझुमींच्या घरी हा धूड मॉनिटर बसवलेला. बंद पडलेल्या कुठल्याशा गेम सेंटरातून आणून तेइजीनं त्याला लाकडी पेटी ठोकली होती. समोर एक बसकं आसन, त्याच्या उशांना माणसाच्या बैठकीचा खड्डा अजून तसाच.

इसोगाई त्या आसनापाशी उभा राहिला आणि त्यानं मॉनिटर लावला. चित्र आलं तशा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चित्र डावीकडे उंच आणि उजवीकडे आवळलेलं होतं. वरची गुणांच्या आकड्यांची ओळ उतारावरून घसरल्यासारखी उजवीकडे खाली येत होती. कडांना तांबडा आणि निळा एकमेकांपासून सुटून फाकले होते.

"ही वाट कुणी लावली?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आमच्याच माणसानं. त्यांच्याशिवाय हात कोण लावणार त्याला?" हिसाए खिडकीपाशी टॉवेलच्या घड्या घालत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "बिघडलाय का?"

"बिघडलाय कसला! करतो मी नीट."

"करा काय करायचं ते. माझ्यापुरतं ते संपलं," हिसाए म्हणाली आणि तिनं दाराकडची चटई उचलून वाट मोकळी करून दिली.

दुकानात आणून त्यानं पाठ उघडली. ट्यूबच्या निमुळत्या मानेभोवती तांब्याची कॉइल असते. ती जरा कलली तरी चित्र कलतं. इथे ती चांगलीच कललेली होती आणि तिच्याखाली काळ्या रबराच्या पाचरी डिंकानं चिकटवलेल्या होत्या. चिकटवलेल्याही किती निगुतीनं! डिंकाचा एक ओघळ नाही, पाचरींच्या कडा धारदार कापलेल्या. तेच बघून इसोगाईच्या डोक्यात तिडीक गेली. धसमुसळ्या माणसानं घाण केली तर समजू शकतं, पण इतक्या काळजीनं घाण करायची म्हणजे काय?

या धंद्यातला एक साधा नियम आहे. काहीही हलवण्याआधी ते मुळात कुठे होतं, तिथे पेनानं खूण करायची. इसोगाईनं आपल्या उमेदवारीत या नियमापायी उस्तादाच्या टपल्या खाल्ल्या होत्या. पण त्या दिवशी त्यानं पेन उचललंच नाही. खुणा कशाला? असलं वाकडं चित्र परत करून द्या म्हणून कोण येणार आहे? त्या तिरमिरीत त्याचं ते "येऊ का आत"ही राहून गेलं. त्यानं पाचरी काढून भंगाराच्या डब्यात टाकल्या, कॉइल सरळ बसवली, रंग एकमेकांवर आणले आणि चौकटींचं चित्र लावून बघितलं. सगळ्या चौकटी एकसारख्या आल्या होत्या. हिबिनो नावाच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्यानं लगेच कळवून टाकलं, आणि हिबिनोनंही डोळे मिटून होकार दिला, न्यायला मात्र ऑगस्टमध्ये येतो म्हणाला.

मग त्यानं मॉनिटर बंद केला, आणि काचेवर ते दिसलं.

एकच गेम वर्षानुवर्षं चालला की त्याची सावली काचेत जळून बसते. यात नवल काही नाही. पण ही सावली वाकडी होती. वर आकड्यांची ओळ, खाली खेळायला उरलेल्या विमानांची रांग, दोन्ही उजवीकडे आवळत गेलेल्या. त्यानं मॉनिटर पुन्हा लावला, तर सरळ चित्राच्या मागून ती वाकडी ओळ पुसटशी दिसतच राहिली. नवा भाडेकरू आला तरी जुन्यानं खोली सोडली नव्हती.

त्या दिवसापासून दुकानात इसोगाईचा जीव रमेना. दिवस कलला, गल्लीतला उजेड कमी झाला की ती सावली काचेवर आपोआप उठून दिसे. तो पाठ करून बसला तर मागे कुणीतरी बसलंय असं वाटे. समोर नाही, जरा बाजूला, मॉनिटरच्या उजव्या अंगाला. तिथलं रिकामं स्टूल एकदोनदा करकरलं. लाकूड आहे, दमट हवेत करकरणारच, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्यानं काचेवर फडकं टाकलं. कात्सुयो कानात म्हणाली, "पाहुण्याच्या तोंडावर फडकं टाकतोस होय रे?" त्यानं निमूटपणे ते काढलं. त्याला भीती वाटत होती. साठी उलटलेल्या, आयुष्यभर हजारो व्होल्टच्या शेजारी हात घातलेल्या माणसाला एका विझलेल्या काचेची भीती वाटत होती, आणि हे सांगणार कुणाला!

ऑगस्ट लागला. ओबोनच्या दिवसांत पितर घरी येतात, त्याची तयारी घरोघरी सुरू झाली. एका दुपारी हिसाए दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात मिझुनासु वांग्यांच्या लोणच्याची पिशवी, गळ्याभोवती टॉवेल, गाडी बदलत बदलत आल्यानं चेहरा लालबुंद.

"इसोगाई-सान, विकलात का हो?"

"कबूल केलाय. शनिवारी न्यायला येणार आहे माणूस."

"म्हणजे अजून इथेच आहे." तिनं पिशवी त्याच्या हातात कोंबली. "आज काढून आजच खा, उद्या चव जाते. आणि मला तो ओबोनपुरता द्या. नंतर तुमच्या माणसाला द्या नाहीतर समुद्रात बुडवा."

"ओबोनपुरता? अहो, तो काय कंदील आहे का दोन दिवस टांगायला?"

"कंदील टांगलाय मी. पांढरा. पहिलाच ओबोन ना त्यांचा." ती घाम टिपत म्हणाली, "पण कंदील बघून येणारा माणूस नव्हे तो. कोनाड्यात मॉनिटर दिसला नाही तर उंबऱ्यावरूनच परत फिरेल."

इसोगाईला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

"मला त्यांना एक विचारायचंय," हिसाए म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून तो माणूस रोज तिथे बसायचा आणि मी बाजूला खिडकीशी, शिलाईच्या मशीनवर. उजेड तिथेच येतो, मला हलता येत नव्हतं. एका खोलीत दोघं. मला दिसायचा फक्त त्यांचा एक कान. कधीकधी मी मुद्दाम मशीन थांबवायची. म्हटलं, आवाज बंद झाला तर मान वळवून बघतील, हिला काय झालं म्हणून. नाही वळवली. एकदाही नाही. मी तिथे बसलेली असते हे त्यांना ठाऊक तरी होतं का? एवढंच विचारायचंय. रागाच्या भरात मॉनिटर विकून बसले आणि आता झोप लागत नाही."

इसोगाईनं मॉनिटर मधल्या टेबलावर ओढला आणि पेटीतला तेइजीचाच गेम लावला. त्याला वाटलं, चित्र किती सुंदर झालंय ते बघून बाईला जरा बरं वाटेल. त्यानं समोर खुर्ची मांडली. हिसाएनं खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं कोपऱ्यातलं ते स्टूल उचललं, मॉनिटरच्या उजव्या अंगाला नेऊन ठेवलं आणि तिथे बसली. इसोगाईच्या अंगावर काटा आला. मॉनिटर हलला होता, तरी स्टूल जिथे करकरायचं, त्याची नेमकी तीच बाजू.

"समोर बसा ना. तिथून काय दिसणार?"

"मला इथूनच सवय आहे," ती म्हणाली. चित्र उजळलं. ती बघत राहिली आणि मग तिचा चेहरा पडला. "हा तो नव्हे."

"तोच आहे. पेटी तुमची, काच तुमची."

"मग तुम्ही काहीतरी केलंत. आधी कसं सरळ दिसायचं! आता सगळं वाकडं झालंय."

इसोगाईचं टाळकं सटकलं. कामाला नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. "उओझुमी-सान, वाकडं आधी होतं! मी ते सरळ केलं. मोजपट्टी लावून दाखवू का?"

"मोजपट्टी तुमची तुमच्यापाशी ठेवा. मला डोळे आहेत. मी काय आज बघतेय का ते? हे माझ्याकडे उंच झालंय आणि तिकडे बारीक होत गेलंय." तिनं बोटानं काचेवरची ती उतरती कड दाखवली. "असं नव्हतं हो. अगदी सरळ असायचं. आता त्यांना ओळखू तरी येईल का?"

"उठा जरा," इसोगाई चिडून म्हणाला. तिला उठवून तो स्वतः त्या स्टुलावर बसला. बाईचा गैरसमज एकदाचा मिटवून टाकावा एवढाच हेतू.

बसला आणि त्यानं काचेकडे बघितलं. इथून चित्र खरंच वाकडं होतं. बाजूनं बघितल्यावर जवळची कड उंच दिसते आणि लांबची बारीक होत जाते, हे कुणालाही कळण्यासारखं आहे. त्याला नव्हतं कळलं. आयुष्यभर त्यानं चित्रं सरळ केली ती समोर बसणाऱ्यासाठी. बाजूला कोणी बसतं हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता त्याला आठवलं, डावीकडे उंच, उजवीकडे आवळलेलं. ते वाकडं बसवलं होतं ते या जागेसाठी.

तिला सांगण्याआधी खात्री करायला हवी होती, आणि खात्री करायची तर ते चित्र परत आणायला हवं होतं. पण खुणा कुठे होत्या? आपण पेन उचललं नाही या आठवणीनं त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्यानं भंगाराचा डबा टेबलावर उपडा केला. स्क्रू, वायसर, तारांचे तुकडे, आणि त्यांत त्या काळ्या पाचरी सापडल्या. हिसाएनं पुढे होऊन एक उचलली.

"हा तर आमच्या गिरणीतला पट्टा. मागाला असतो तो. इथे कसा आला?"

"सांगतो. आधी तुम्ही स्टुलावर बसा आणि हलू नका."

काम पाठीमागून करायचं आणि चित्र तर पुढे. म्हणून मेकॅनिक समोर आरसा उभा करतात आणि त्यात बघून हात चालवतात. इसोगाईनं आरसा लावला. डावा हात खिशात घातला, कारण चालू मॉनिटरमध्ये दोन हात घालणारा मेकॅनिक म्हातारा होत नाही. मग त्यानं मान लववली. "येऊ का आत?" या वेळी तो मोठ्यानं म्हणाला. हिसाए ऐकत होती.

पाचरी जिथल्या तिथे कशा बसतील? त्याच्या हाताला एकच आधार होता, काचेत जळलेली ती सावली. तिच्यावर चित्र नेऊन बसवायचं. आकड्यांच्या ओळीवर आकड्यांची ओळ, विमानांवर विमानं. इतके दिवस ज्या सावलीला तो घाबरला होता तिलाच आता विचारत विचारत तो कॉइल कलती करत गेला. दंडावरचे केस उभे राहिले होते. तापलेल्या धुळीचा वास येत होता.

"थोडं बरं झालं," हिसाए स्टुलावरून म्हणाली. "अजून. अजून जरा. नाही, आता जास्त झालं!"

"ओरडू नका, हात हलतो."

"मग हळू करा. हां, बस्स! असंच असायचं!"

आरशात सावली आणि चित्र एक झाली. काचेवर आता एकच ओळ होती. आणि त्या क्षणी आरशात त्याला समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं. डोकं जरा पुढे झुकलेलं, खांदे उतरलेले, नजर काचेवर. इसोगाई हे शपथेवर सांगणार नाही. खुर्चीच्या पाठीवर त्याचाच कामाचा कोट टांगलेला होता आणि तो कोटच असेल. पण तो माणूस बाजूला बघत नव्हता, आणि तरीही त्याचा एक कान स्टुलाकडे होता, एवढं त्यानं बघितलं. त्यानं नजर हाताकडे वळवली, पाचरी घट्ट केल्या, डिंक भरला. पुन्हा आरशात बघितलं तेव्हा कोट होता.

तो पुढे आला. हिसाए चित्राकडे बघून रडत होती, पण समाधानानं.

"आता इकडे या," इसोगाई खुर्चीकडे हात करून म्हणाला.

"ती त्यांची जागा. घरीही मी कधी बसले नाही."

"आज बसा."

ती बिचकत, खुर्चीच्या अगदी टोकावर टेकली. मान वर करून तिनं काचेकडे बघितलं आणि मागे सरकली. "अगंबाई! हे काय? सगळं खाली घसरतंय! रंगसुद्धा फुटलेत. इसोगाई-सान, बिघडवलंत तुम्ही."

"नाही. अगदी होतं तसं झालंय. तुमच्या घरी पहिल्या दिवशी मी बघितलं ते असंच."

"असं बघायचे ते? रोज? डोकं उठेल माणसाचं!" ती बोलता बोलता थांबली. तिच्या मुठीत ती एक उरलेली पाचर होती. तिनं मूठ उघडून तिच्याकडे बघितलं, मग मॉनिटरकडे, मग वळून त्या रिकाम्या स्टुलाकडे. 

"तुम्ही जरा तिथे बसा," ती अगदी हळू म्हणाली. "आणि सांगा मला, कसं दिसतंय."

इसोगाई स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.

"सरळ," तो म्हणाला. "रेघ न रेघ सरळ."

हिसाएनं गळ्यातला टॉवेल तोंडाला लावला. ती रडली ती मोठमोठ्यानं, लाज न बाळगता. गल्लीतून जाणारी दोन माणसं थबकून आत बघून गेली. इसोगाईला काय करावं कळेना. त्याला कात्सुयोची आठवण येत होती. तीही याच दुकानात बाजूला बसायची, गिऱ्हाइकांचे हिशेब करत. तिला तिथून काय दिसत असेल असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्यानं कानोसा घेतला. कात्सुयो आता टोमणासुद्धा मारत नव्हती, आणि ते त्याला फार लागलं.

"हिबिनोला मी सांगतो," तो शेवटी म्हणाला. "शनिवारी तुमच्या घरी आणून कोनाड्यात बसवून देतो. आहे असाच. परत न्यायला येणार नाही."

"आणा." तिनं नाक पुसलं. "आणि हे खेळायचं कसं तेही शिकवून जा मला."

"तुम्हाला? कशाला?"

"त्या आसनावर मीच बसणार आता," हिसाए म्हणाली. "ओबोनला ते आले की त्यांना मशीनपाशी बसवते. एकदा तरी सरळ बघू देत."